घरगुती उद्योगाचा हिशेब किलोवर धरावा की हाताच्या तासावर?

माशेलची लेक

घरून नेवऱ्या (करंज्या), चकल्या, लोणची, सोलां (कोकमाच्या वाळवलेल्या साली), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मसाले विकणारे, शिवणकाम करणारे, शिकवण्या घेणारे असे बरेच जण इथे आहेत. भांडवल कुठून आणावे, कोणत्या योजनेत नाव घालावे, पाकीट कसे छापावे यावर आपण वरचेवर बोलतो. मात्र वर्षभरात आपण कोणासाठी, काय, किती आणि केव्हा करणार, आणि कोणत्या कामाला स्पष्ट नकार देणार, हे आधी बसून ठरवणारे घर मला क्वचितच दिसते. ऑर्डर येते म्हणून घेतली जाते, आणि वर्षअखेरीस विक्री वाढलेली असूनही हाती नेमके काय उरले हे सांगता येत नाही. हा धागा त्या ठरवण्याविषयी आहे.

माझे म्हणणे असे की घरगुती उद्योगात पैशाच्याही आधी करणाऱ्या व्यक्तीच्या हाताचे तास संपतात. मागणी वाढली की कारखानदार दुसरी पाळी लावतो. घरात मात्र शेगडी एक, हात दोन, आणि सकाळचे डबे, मुलांची शाळा, सासऱ्यांच्या जेवणाची वेळ सांभाळून उरलेले चार-पाच तास एवढीच काय ती पुंजी असते. म्हणून एखाद्या पदार्थात किलोमागे किती सुटतात हे पाहून थांबू नये. हाताच्या एका तासामागे किती सुटतात तेही पाहावे.

आकडे केवळ गणितासाठी धरते, प्रत्येकाने त्यांत आपापले घालावेत. शंभर नेवऱ्यांना रवा, मैदा, खोबरे, साखर, तेल, गॅस आणि पाकिटे मिळून ७०० रुपये लागले आणि एक नेवरी १५ रुपयांना गेली, तर ८०० रुपये सुटतात. तीन किलो चकलीला ४५० रुपये लागले आणि ती ४०० रुपये किलोने गेली, तर ७५० रुपये सुटतात. वहीत पाहिले तर नेवरी सरस ठरते. परंतु पीठ मळून मुरवणे, पाऱ्या लाटणे, सारण भरणे, कडेला मुरड घालणे आणि मंद आचेवर तळणे यांत एकट्या बाईचे पाच तास सहज जातात, तर तेवढ्या चकलीचे काम तीन तासांत आटोपते. म्हणजे तासाला नेवरी १६० रुपये देते आणि चकली २५०. कोकमाच्या आगळाचे गणित आणखी निराळे आहे. मे महिन्यात फळे फोडून सालींना मीठ लावून ठेवली की पुढचे बहुतेक काम मीठच करते. अधूनमधून ढवळणे आणि शेवटी गाळून बाटल्या भरणे एवढेच हाताला उरते, आणि ती बाटली वर्षभर विकता येते.

यावरून नेवऱ्या सोडून द्याव्यात असा निष्कर्ष मी काढत नाही. गोव्यात नेवरी चतुर्थीला लागते आणि नाताळच्या कुस्वादाच्या म्हणजे फराळाच्या ताटातही लागते, म्हणजे एकाच कसबाला वर्षात दोन हंगाम आहेत. ठरवायचे आहे ते तिची किंमत, तिची संख्या आणि ती करण्याची वेळ. ओल्या नारळाच्या सारणाची नेवरी टिकत नाही, त्यामुळे सगळे काम चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांवर येऊन कोसळते. भाजलेले सुके खोबरे, तीळ आणि खसखस यांचे सारण घेतले तर तेच काम आधीच्या पंधरवड्यावर पसरते, आणि ऐन सणाच्या आठवड्यात शेगडी मोकळी राहते. या एका बदलाने जेवढे साधते तेवढे नव्या यंत्रानेही बहुधा साधणार नाही.

दुसरी गोष्ट वर्षाच्या रचनेची. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणजे पुरुमेंत मे महिन्यात भरतो, आणि मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला तर लोक पुरुमेंताचे फेस्त असेच म्हणतात. कोकम, कैरी, चिंच, सुकी मिरची हे सगळे पावसाआधी घरात येते, सोलां पावसाआधी वाळवून ठेवावी लागतात, आणि पैसा याच दिवसांत बाहेर जातो. जून-जुलैत विक्री मंदावते. मग चतुर्थी, दिवाळी, ऑक्टोबरपासून पर्यटक, डिसेंबरात नाताळ, आणि पुढे जत्रा व शिगमो असे उत्पन्नाचे दिवस लागतात. मे महिन्यात गेलेला पैसा चतुर्थीपर्यंत परत येत नाही, हे ज्याने धरले नाही त्याला ऑगस्टात तोच माल चढ्या भावाने किरकोळीत घ्यावा लागतो.

आपापल्या कामाला हे तासाचे माप लावून पाहिले तर काय दिसते, ते कृपया लिहावे.

सत्तरीचा

ताई, गणित बरोबर आहे, त्यामागचे गृहीतक मात्र मला पटत नाही. तास विकला जाऊ शकतो असे धरून तुम्ही त्याची किंमत काढता. आमच्या वाड्यावर दुपारच्या त्या तासाला दुसरे गिऱ्हाईकच नाही. माझी पत्नी जुलै महिन्यात मसाले, कोरड्या चटण्या करते, तेव्हा तासाला १६० सुटले काय आणि ६० सुटले काय, एरवी शून्यच सुटणार होते. ज्या वेळेला दुसरा उपयोग नाही तिचा भाव लावून एखादे काम नाकारायचे, हे शहरातल्या माणसाचे शास्त्र झाले.

शिवाय चकली जास्त देते म्हणून प्रत्येक घर चकलीच तळू लागले तर ती घेणार कोण? नेवरीला कष्ट पडतात म्हणूनच नोकरी करणारी बाई ती विकत घेते. चकली ती घरी करते, किंवा दुकानातले पाकीट आणते. कष्टाचा पदार्थ हाच आपला आधार आहे.

आणि सणाला जे घर आपल्याकडून नेवऱ्या नेते तेच पुढे मुंजीला, बारशाला, केळवणाला फोन करते. नेवऱ्यांना नाही म्हटले तर ते घर जाते, हा तोटा तुमच्या तासाच्या हिशेबात कुठे दिसत नाही.

माशेलची लेक

भाऊ, तुमचा दुसरा आणि तिसरा मुद्दा मी तसाच्या तसा स्वीकारते. तासाला कमी देणारे एखादे काम पुढच्या मोठ्या कामाचे दार उघडत असेल तर ते ठेवावेच. मात्र ते कोणत्या घरासाठी ठेवले आहे हे आपल्याला नावानिशी सांगता आले पाहिजे. मागच्या वर्षी नेवऱ्या नेणाऱ्यांपैकी कोणी वर्षात दुसरे काही नेले, हे वहीत पाहिले की उत्तर मिळते. ज्यांनी काहीच नेले नाही त्यांच्यासाठी सणाच्या आठवड्यात जागरण करण्याचे कारण मला दिसत नाही.

पहिल्या मुद्द्याने मात्र माझी मांडणी सुधारते. तासाला एकच भाव नसतो. जुलैतला दुपारचा तास स्वस्त आहे आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातला तास वर्षातला सर्वांत महाग. म्हणून मसाले, कोरड्या चटण्या जुलैत करणे अगदी रास्त. तीच माणसे ऑगस्टच्या शेवटी मसाल्यांची ऑर्डर घेत असतील तर ते चूक. टिकणारे सगळे काम स्वस्त तासांत ढकलायचे आणि महाग तास फक्त न टिकणाऱ्या, जास्त दर देणाऱ्या पदार्थांसाठी राखायचे, असे आपण दोघांचे म्हणणे जोडून म्हणू या.

शिवणयंत्र

मी म्हापशाला घरून ब्लाऊज शिवते. शिवणकामाला हे माप अधिकच नेमके लागू पडते, कारण इथे साहित्याचा खर्च फारसा नसतो आणि जे काही विकले जाते ते तासच असतात.

अस्तराचा ब्लाऊज शिवण्याच्या कामाचे तुकडे करून पाहावेत. माप घेणे, कटिंग, अस्तर आणि कापड जोडणे, बाह्या बसवणे, गळ्याची पट्टी, मग हूक, काज, हातशिलाई आणि इस्त्री. यांपैकी गिऱ्हाईक माझ्याकडे येते ते माप आणि कटिंगसाठी. छातीवर चोळ पडू नये आणि बाहीखाली ताण येऊ नये एवढीच तिची अपेक्षा असते. हूक कोणी लावला हे तिला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायचेही नसते. तरी घरून शिवणाऱ्या बहुतेक बायका सगळे स्वतः करतात, आणि वर साडीचा फॉल-पिकोही घेतात, कारण तो नाकारला तर बरे दिसत नाही. शेजारची एखादी मुलगी हूक, काज आणि फॉल नगावर करून देते. तिला दिलेले पैसे खर्च म्हणून वहीत दिसतात आणि टोचतात. मोकळा झालेला तास मात्र वहीत दिसत नाही, म्हणून त्या तासात आणखी एक कटिंग झाले तरी ते कोणी मोजत नाही.

माझे मत असे की घरगुती उद्योगात पहिला माणूस लावायचा तो आपल्या कसबाच्या कामाला लावू नये, कसबाच्या भोवतालच्या कामाला लावावा. नेवऱ्यांच्या बाबतीत मुरड आपण घालावी आणि खोबरे किसणे, पाकिटे बंद करणे, पोचवणे हे दुसऱ्याकडे द्यावे.

तातडीच्या कामाचा दर वेगळा लावायला बायका कचरतात. लग्नसराईत दोन दिवसांत ब्लाऊज मागणारी बाई दुसऱ्या कोणाचा तरी तास हिसकावून घेत असते, आणि त्या दुसऱ्या बाईला दिलेली तारीख चुकते. तातडीचा दर दीडपट आहे हे आधीच फळ्यावर लिहून ठेवले की मागणाऱ्यांतले अर्धे लोक आपणहून चार दिवस थांबतात.

गालजीबाग

आम्ही काणकोणात खोला मिरचीचा मसाला आणि मासळीला लावायचे रेशादचे वाटण घरी करून बाटलीत भरतो. मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, वर्षातून एकदाच हाती येते आणि मर्यादितच येते, म्हणून आमच्या बाबतीत हाताच्या आधी मिरची संपते. तेव्हा माप तासाचे न धरता मिरचीच्या किलोचे धरावे लागेल असे मला वाटते. एक किलो मिरचीतून साधी भुकटी विकून किती येतात आणि तीच वाटणात घालून किती येतात, हे पाहिले तर भुकटी विकणे आम्हाला परवडत नाही. या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. बाटलीवर त्याचे चिन्ह आणि नाव हक्काने वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, ते काम आम्ही सुरू केले आहे.

माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. मडगावातले एक दुकान माल ठेवून घेते, विकला गेला तर पैसे देते, आणि तेही महिनोन् महिने लांबवते. दुकान सोडले तर विक्री कमी होते, ठेवले तर पैसा अडकतो. अशा वेळी काय करावे?

हिशेबी

मी फोंड्यात हिशेबाचे काम करतो. आधी उधारीबद्दल लिहितो आणि मग दोन गोष्टी, ज्यांचा घरगुती उद्योगाच्या दिशेवर परिणाम होतो आणि ज्या गोव्यात बऱ्याच जणांना उशिरा कळतात.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदतीबाहेर थकवलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, आणि दुकानदाराला व्याजापेक्षा या गोष्टीची धास्ती अधिक असते. मात्र त्यासाठी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. ती १ जुलै २०२० पासून संकेतस्थळावर विनामूल्य होते, मध्यस्थाला पैसे देण्याची गरज नाही. दुसरे असे की विकले तर पैसे या बोलीवर माल ठेवला असेल तर विक्री झाल्याशिवाय देणे लागू होते की नाही यावरच वाद उभा राहतो. म्हणून थोडा माल द्या, पण बिलावर द्या, आणि मागचे बिल चुकते झाल्यावर पुढची खोकी उतरवा.

आता राज्याबाहेरच्या विक्रीविषयी. वस्तूंसाठी जीएसटीची मर्यादा गोव्यात वर्षाला ४० लाख रुपयांची आहे आणि सेवांसाठी २० लाखांची, म्हणून घरगुती उद्योजक आपल्याला जीएसटी लागूच नाही असे समजून मुंबई-पुण्याच्या गोवेकरांना लोणच्याचे, मसाल्याचे डबे पाठवू लागतो. करपात्र वस्तू राज्याबाहेर विकली की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी बंधनकारक होते. अधिसूचित हस्तकला वस्तूंना तेवढी सवलत आहे. सेवेला हे लागू नाही, म्हणून म्हापशात बसून पुण्याच्या मुलांना संगणकावरून शिकवणाऱ्या शिक्षिकेला २० लाखांपर्यंत काळजी नाही. आणि ठोक दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेत गेलात तर राज्याबाहेर माल पाठवताच येत नाही. याचा अर्थ गोव्यापुरते राहायचे की बाहेर जायचे, हा निर्णय पहिला डबा टपालात टाकण्याआधी घ्यावा लागतो. बाहेर जायचेच असेल तर दर महिन्याचा किंवा तिमाहीचा हिशेब, तो करणाऱ्याचे शुल्क आणि त्यात जाणारे आपले तास हे सगळे भागेल एवढी विक्री समोर दिसली पाहिजे. दहा-बारा ओळखीच्या घरांसाठी हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना सुट्टीत गोव्याला आल्यावर माल नेऊ द्या.

राहता राहिली खास गोव्याची तरतूद. इथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. आयकर कायद्यात (१९६१ च्या कायद्यात हे कलम ५अ होते) त्यानुसार असे सांगितले आहे की पगार सोडून इतर उत्पन्न पती-पत्नींमध्ये निम्मे-निम्मे विभागून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचे. म्हणजे पत्नीने नेवऱ्यांतून वर्षाला तीन लाख रुपये नफा मिळवला तर दीड लाख तिच्या नावावर आणि दीड लाख पतीच्या नावावर लागतो. पती नोकरीत असेल तर त्याचा पगार विभागला जात नाही, पण हे दीड लाख त्या पगारावर येऊन बसतात आणि त्याच्या वरच्या टप्प्याने त्यांवर कर लागतो. उलट पती-पत्नी दोघेही नोकरीत नसतील तर हीच विभागणी फायद्याची ठरते. माशेलच्या ताईंनी तासाचे जे १६० आणि २५० काढले आहेत, ते करानंतर किती उरतात हे घराघरात वेगळे येईल.

सत्तरीचा

हिशेबी, या विभागणीची माहिती मला नव्हती, आणि माझ्या ओळखीत तीन घरे तरी अशी आहेत ज्यांनी ती विचारात घेतलेली नाही. एक शंका आहे. घरच्या स्वयंपाकाच्या गॅसवरच सगळे तळले जाते, त्याचा खर्च बहुतेक लोक धरतच नाहीत. तो कसा धरावा?

हिशेबी

१४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरण्याची परवानगी नाही. व्यवसायासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा असतो आणि तो किलोमागे महाग पडतो. किंमत ठरवताना सुरुवातीपासून व्यावसायिक गॅसचाच दर धरा. नाहीतर उद्या काम वाढून तो सिलिंडर घ्यावा लागला की कालचा नफा नाहीसा होतो आणि त्याच दिवशी भाव वाढवणे जड जाते. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक, पत्ता, वजन, तारीख, कमाल किंमत हे पाकिटावर असले पाहिजे, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

निवृत्त बँकवाला

कर्जाविषयी थोडे लिहितो, कारण पणजीतल्या शाखेत काम करताना घरगुती उद्योगांचे पुष्कळ अर्ज माझ्या टेबलावरून गेले. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. अर्जदार बहुधा यंत्रासाठी मागतात, कारण यंत्र डोळ्यांना दिसते. माझा प्रश्न नेहमी असा असे की तुमचे काम नेमके कुठे अडते? नेवऱ्या करणारी बाई पीठ मळण्याचे यंत्र घ्यायला निघते. पण तिचे काम मुरड घालण्यापाशी अडत असेल तर यंत्राने तासभर आधी मळून ठेवलेले पीठ झाकून पडून राहते, नेवऱ्यांची संख्या तेवढीच राहते आणि हप्ता मात्र सुरू होतो. याउलट चकलीवाल्याला दाबयंत्राने खरोखर फरक पडतो, कारण तिथे हात सोऱ्यापाशीच थकतो.

माशेलच्या ताईंनी सांगितलेले मे ते सप्टेंबर हे अंतर भरून काढायला लहान खेळते भांडवल घेणे मला यंत्रापेक्षा अनेकदा शहाणपणाचे वाटते. मात्र त्याची परतफेड चतुर्थी आणि नाताळ यांच्या विक्रीशी बांधून घ्यावी. समान मासिक हप्ते लावून घेतले तर जून-जुलैचे हप्ते घरखर्चातून जातात, आणि मग दुकानाकडून येणे बाकी असलेल्या पैशासाठी माणूस कोणतीही अट मान्य करतो. गालजीबागचे भाऊ आज ज्या स्थितीत आहेत तिचे एक कारण हेही असू शकते.

गालजीबाग

आमच्यावर कर्ज नाही, पण बाकीचे वर्णन बरोबर आहे. मेमध्ये मिरचीला पैसा गेल्यावर ऑगस्टात दुकानदारापुढे आमचा आवाज खाली येतो, हे खरे. हिशेबींच्या सल्ल्याप्रमाणे उद्यम नोंदणी करून बिलावर थोडा माल देण्याचे ठरवले आहे. तेवढ्याच बाटल्या पाळोळे, आगोंद भागातल्या होमस्टेवाल्यांना रोखीने देता येतील का, हे ऑक्टोबरात पाहणार आहोत. त्यांचे पाहुणे निघताना काहीतरी घेऊन जाण्याच्या विचारात असतात, आणि तिथे आमच्या बाटलीशेजारी कारखान्याची बाटली मांडलेली नसते.

शिवणयंत्र

एक अवघड गोष्ट राहिली. ओळखीचे लोक, नातेवाईक आणि शेजारी म्हणतात, घरीच तर करता, मग दुकानाइतका दर कशाला? त्यांना दर कमी लावला तर वाड्यावर तोच दर ठरतो. इतरांनी यावर काय केले आहे?

माशेलची लेक

यावर दोन पंथ आहेत. काही जण नातेवाइकांना सवलत देतात आणि काही जण अजिबात देत नाहीत. मी तिसरी वाट धरते. दर सगळ्यांना एकच, आणि जवळच्यांना द्यायचे असेल ते पदार्थाच्या रूपाने द्यायचे. आत्याने पन्नास नेवऱ्या मागितल्या तर बिल पन्नासांचेच होते आणि डब्यात वर पाच जास्त जातात. दर पडत नाही, आणि आत्याला मान मिळतो. सवलत दिली तर ती उद्याचा हक्क होते. वरच्या पाच नेवऱ्या मात्र प्रत्येक वेळी भेट राहतात.

शिवाय, मागणारे सगळे लोक आपलेच ग्राहक आहेत असे मानण्याचे कारण नाही. मी गेल्या वर्षीची वही काढून नावांपुढे खुणा केल्या आहेत. वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा घेणारी घरे, फक्त चतुर्थीला घेणारी घरे, आणि प्रत्येक वेळी भावात घासाघीस करणारी घरे, असे तीन गट झाले. या वर्षी नेवऱ्यांची यादी पहिल्या गटाला आधी उघडणार आहे, निम्मे पैसे आगाऊ घेणार आहे, आणि उरलेली जागा दुसऱ्या गटाला नव्या दराने देणार आहे. तिसऱ्या गटासाठी दुकानात पाकिटे मिळतात.

सत्तरीचा

आणि तिसऱ्या गटातच आपली सख्खी मावशी निघाली तर?

माशेलची लेक

ती निघालीच आहे. तिला पन्नास नेवऱ्या पूर्ण दराने, आणि वर पाचांच्या जागी दहा.